तैलचित्रांतील वास्तू आणि तिचा परिसर

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या चिटणिसांनी भाषणाची आज्ञा केली तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली होती. शिक्षण, संघटना, विवाहातील अनाठायी खर्च या विषयांवर याच व्यासपीठावरून थोरामोठ्यांची भाषणे झालेली आहेत. त्यांत आमची भर ती कोणती पडणार? म्हणून आजवर येथे न आलेला एक विषय आम्ही घेतला आहे. घरे, देवळे, वाडे, पूल, गिरण्या अशा मनुष्याने उभारलेल्या वास्तू त्यांच्या भोवतालच्या भूमीसह, झाडापाण्यासह आणि आभाळासह ज्यांत रंगविल्या आहेत, त्या तैलचित्रांविषयी चार शब्द सांगण्याचा आमचा विचार आहे.

हा विषय ऐकून काही मंडळींच्या कपाळावर आठी पडली असेल. ज्ञातीच्या संमेलनात चित्रांचे काय काम, असा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भाषणाच्या उत्तरार्धात येईल. तूर्त एवढेच सांगतो की, आपल्या बोर्डिंगची जुनी इमारत येत्या पावसाळ्यानंतर उतरवून तेथे नवी बांधण्याचा जो ठराव झाला आहे, त्याच्याशी या विषयाचा निकटचा संबंध आहे.

आम्ही चित्रकार नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरते. हयात प्राथमिक शाळेत गेली. चित्रकलेचा तास इतर विषयांबरोबर आमच्याच गळ्यात पडे, आणि त्या निमित्ताने जे वाचले, पाहिले व मुलांकडून शिकलो, त्याच शिदोरीवर हे भाषण आहे.

प्रथम तैलरंग म्हणजे काय ते पाहू. जवस आपल्या ओळखीचे आहे; त्याची चटणी आपण खातो. त्याच जवसाचे तेल घेऊन त्यात माती, खनिजे व धातूंची भस्मे यांची अत्यंत बारीक पूड घोटली की तैलरंग होतो. पाण्याचा रंग वाळतो म्हणजे त्यातील पाणी उडून जाते. जवसाचे तेल मात्र उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते आणि रंगाच्या कणांना आपल्या पोटात कायमचे धरून ठेवते. वरवर वाळण्यास काही दिवस लागतात, आतून पुरते घट्ट होण्यास कित्येक महिने. हा सावकाशपणाच तैलरंगाचा मोठा गुण होय. आज लावलेला रंग उद्या पुसता येतो, शेजारच्या रंगात मिसळता येतो, आणि वाळल्यावर त्यावर पातळ, पारदर्शक थर देऊन खालच्या रंगाला खोली आणता येते. जुन्या भिंतीवरची ओल, दगडावरचे शेवाळ, संध्याकाळच्या उन्हात तापलेले कौल हे सारे दाखविण्यास असा थरांवर थर चढणारा रंगच हवा. भिंतही थरांनीच बनते. गिलावा, चुना, धूर आणि पाऊस यांचे थर तिच्यावर वर्षानुवर्षे चढत असतात.

पूर्वी हा रंग चित्रकाराच्या घरीच घोटला जाई व डुकराच्या फुग्यात बांधून ठेवला जाई. १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगासाठी दाबून बंद करता येणारी धातूची नळी काढली, आणि तैलरंग खिशात घालून माळावर जाणे सोपे झाले. त्यानंतरच्या काळात फ्रान्समध्ये क्लॉड मोने याने रूआँ येथील एकाच चर्चची तिसाहून अधिक तैलचित्रे १८९२ ते १८९४ या काळात काढली. सकाळची, दुपारची, धुक्यातली, उन्हातली अशी ती चित्रे आहेत. इमारत एकच, पण प्रत्येक प्रहरी तिचे रूप निराळे.

आता मूळ विषयाकडे वळू. डोंगर, नदी व झाडे यांच्या चित्रात घर आले की चित्राचा स्वभावच बदलतो. निसर्गात सरळ रेषा क्वचित असते. घर सरळ रेषांनी बनते. निसर्गाचे माप डोळ्याला कळत नाही. टेकडी लहान की मोठी हे तिच्या पायथ्याशी एक झोपडी दाखविल्यावाचून समजत नाही. दाराच्या उंचीवरून माणसाची उंची कळते व माणसाच्या उंचीवरून डोंगराची. शिवाय घर आले की प्रश्नही येतात. येथे कोण राहतो? पाणी कोठून आणतो? दार पूर्वेला का? छप्पर इतके उतरते का? कोकणातील उतरते कौलारू छप्पर पावसाची गोष्ट सांगते, तर देशावरील सपाट धाब्याचे घर उन्हाची व कमी पावसाची. भूमीने माणसाला काय दिले व माणसाने भूमीला काय उत्तर दिले, हा सारा संवाद घरात दिसतो.

आणि येथेच आमच्या मुलांची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. कोणत्याही शाळेत जाऊन मुलांना 'देखावा काढा' म्हणून सांगावे. चाळीसपैकी पस्तीस मुले एकच चित्र काढतात. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून वर येणारा सूर्य, डोंगरातून निघून कागदाच्या कडेला जाणारी नदी, तिच्या काठी एक झोपडी, एक नारळाचे झाड आणि आभाळात मराठी चार आकड्यासारखे पक्षी. माणदेशातल्या मुलाच्या चित्रातही नारळ, आणि शहरात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीच्या चित्रातही तीच झोपडी! ही झोपडी कोणाचीच नाही. ती कोणी पाहिलेली नाही. एका वर्षी आम्ही वर्गाला सांगितले की, उद्या स्वतःच्या घराचे दार काढून आणा. दाराजवळ जे असेल तेही काढा. दुसऱ्या दिवशी चाळीस निराळी चित्रे आली. एकात उंबऱ्याजवळ पाण्याचा हंडा, दुसऱ्यात दाराला टेकवलेली सायकल, तिसऱ्यात पत्र्यावर ठेवलेले दगड. पत्र्यावर दगड का, असे विचारता तो मुलगा म्हणाला, "गुरुजी, वाऱ्याने उडतो म्हणून." त्या एका दगडात घर, वारा आणि घरातील माणसांची परिस्थिती ही तिन्ही आली. वास्तूचे चित्र म्हणतात ते हे.

थोर चित्रकारांनी हेच केले आहे. त्यांची तीन उदाहरणे आम्ही आपणांपुढे ठेवतो.

पहिले उदाहरण हॉलंडमधील डेल्फ्ट या गावाचे. योहानेस व्हर्मीर हा तेथलाच रहिवासी. सुमारे १६६०-६१ च्या काळात त्याने आपल्या गावाचे दक्षिणेकडून दिसणारे चित्र रंगविले. पुढे पाणी, पलीकडे वेशीचे दरवाजे, तटबंदी, लाल व निळसर छपरे, आणि वर अर्धे पटल भरून आभाळ. पुढील भाग ढगाच्या छायेत आहे, आणि मागे गावाच्या पोटात ऊन पडून नव्या चर्चचा मनोरा उजळला आहे. त्या चर्चमध्ये डच स्वातंत्र्ययुद्धाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याची समाधी आहे. तेव्हा ऊन नेमके तेथे पडावे यात चित्रकाराचा काही हेतू असावा असे मानण्यास जागा आहे. या चित्रापूर्वी थोडीच वर्षे, १६५४ च्या ऑक्टोबरात, डेल्फ्टमधील दारूच्या कोठाराचा भयंकर स्फोट होऊन गावाचा एक भाग उद्ध्वस्त झाला होता. व्हर्मीरने निवडलेल्या बाजूस त्याची खूण दिसत नाही; दिसते ते शांत, धुतल्यासारखे गाव. या चित्रात दिसणारे स्खीडाम व रॉटरडॅम हे दोन्ही दरवाजे १८३० नंतरच्या दशकात पाडले गेले. आज ते पाहावयाचे तर हेग येथील माउरित्सहाउस संग्रहालयात या चित्रापुढेच उभे राहिले पाहिजे.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. जॉन कॉन्स्टेबल याचे वडील गिरणीमालक व धान्याचे व्यापारी. फ्लॅटफर्ड येथील त्यांच्या पाणगिरणीच्या आसपासच तो वाढला. त्याचे 'द हे वेन', म्हणजे गवताची गाडी, हे तैलचित्र १८२१ मध्ये प्रदर्शनात लागले. सहा फूट रुंदीचे हे पटल. ओढ्याच्या पाण्यात उभी असलेली रिकामी गाडी, उजवीकडे दूरवर गवताचे रान, आणि डावीकडे विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचे लाल छपराचे साधे घर. हे घर राजाचे नव्हे, सरदाराचे नव्हे, शेजाऱ्याचे. लंडनमध्ये ते चित्र विकले गेले नाही. १८२४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मात्र त्यास सुवर्णपदक मिळाले. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, आणि विली लॉटचे घरही फ्लॅटफर्डला जपून ठेवलेले आहे. एका साध्या कुळवाड्याचे घर दोनशे वर्षांनंतर लोक वाट वाकडी करून पाहण्यास जातात, ते केवळ एका शेजाऱ्याने ते मन लावून पाहिले म्हणून.

याच कॉन्स्टेबलची आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. सॉल्झबरीच्या बिशपांनी त्यास आपल्या चर्चचे चित्र काढण्यास सांगितले. १८२३ चे ते चित्र सुंदर आहे. पण बिशपांना मनोऱ्यावरचा काळा ढग खटकला. त्यांना निरभ्र आभाळ हवे होते. कॉन्स्टेबलने पुढे उजळ आभाळाचे दुसरे चित्र केले. पण ते पुरे होण्यापूर्वीच बिशप निवर्तले. ही गोष्ट कार्यकारी मंडळाच्या सभासदांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी आमची विनंती आहे. चित्र सांगणाऱ्यास नेहमी निळे आभाळ हवे असते. पण पावसाच्या देशातील इमारतीचे खरे आभाळ ढगाळच असते.

तिसरे उदाहरण पोलंडचे, आणि ते सर्वांत बोधप्रद आहे. पोलिश लोक आपल्याला अगदीच परके नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८ पर्यंत, कोल्हापूरजवळ वळीवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. सैबेरियाच्या हद्दपारीतून सुटून, इराणमार्गे ही मंडळी पंचगंगेच्या काठी येऊन पोहोचली होती. ती येथे असताना त्यांच्या देशाच्या राजधानीचे काय झाले, ते ऐकावे.

१८ व्या शतकात वॉर्सा येथे स्टानिस्वाव ऑगस्ट हा राजा होता. त्याच्या पदरी बेर्नार्दो बेलोत्तो हा व्हेनिसचा चित्रकार होता. व्हेनिसचा प्रसिद्ध चित्रकार कानालेत्तो हा त्याचा मामा. बेलोत्तोने यापूर्वी जर्मनीतील ड्रेस्डेन शहराची चित्रे काढली होती. १७६० मध्ये प्रशियाच्या सैन्याने त्या शहरावर तोफा डागल्या, त्यांत तेथील एक मोठे चर्च कोसळले आणि बेलोत्तोचे स्वतःचे घरही गेले. पुढे त्याने त्या चर्चच्या अवशेषांचे चित्र काढले. ढिगाऱ्यावर काम करणारे मजूरही त्यात आहेत. इमारत एका दिवसात कशी नाहीशी होते हे या माणसाने डोळ्यांनी पाहिले होते. १७६७ मध्ये तो वॉर्साला आला व १७८० मध्ये तेथेच वारला. या तेरा वर्षांत त्याने राजासाठी वॉर्साच्या रस्त्यांची, वाड्यांची, चर्चांची व नदीकाठाची वीसहून अधिक तैलचित्रे रंगविली. त्याची कामाची रीत काटेकोर. काळ्या पेटीच्या एका बाजूस भिंग बसविले म्हणजे समोरच्या दृश्याची प्रतिमा पेटीतील कागदावर पडते. त्या साधनाचा उपयोग करून तो रेषा पक्क्या करी. खिडक्या किती, कमानी कशा, दुकानाची पाटी कोठे, रस्त्यात चिखल कोठे, हे सारे त्या चित्रांत आहे. आणि वाड्याच्या पुढे भिकारी, फेरीवाले, गाड्या, घोडे व कुत्रीही आहेत.

१९४४ च्या ऑगस्टमध्ये वॉर्साच्या नागरिकांनी जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. दोन महिन्यांनी तो मोडला. मग जर्मनांनी रिकाम्या शहरातील इमारती पद्धतशीरपणे जाळल्या व सुरुंगाने उडविल्या. युद्ध संपले तेव्हा शहराचा सुमारे ८५ टक्के भाग जमीनदोस्त झाला होता. राजवाडा उडविला गेला होता. बेलोत्तोची चित्रेही जर्मनांनी नेली होती. ती युद्धानंतर परत मिळाली. लोकांनी निश्चय केला की, शहर होते तसे पुन्हा उभारावयाचे. पण होते तसे म्हणजे कसे? मालकांचे कागद जळाले, माणसे मेली, भिंती पडल्या. तेव्हा जी साधने कामी आली त्यांत ही पावणेदोनशे वर्षांपूर्वीची तैलचित्रे होती. चित्रांपुढे बसून वास्तुतज्ज्ञांनी खिडक्या मोजल्या, कमानींची घडण ताडून पाहिली आणि तशा भिंती पुन्हा उभ्या केल्या. जुन्या शहराची उभारणी १९५० नंतरच्या दशकात बरीचशी पुरी झाली. राजवाड्याचे काम १९७१ साली हाती घेऊन तो १९८४ मध्ये लोकांस खुला झाला. १९८० मध्ये युनेस्कोने या पुन्हा उभारलेल्या जुन्या शहरास जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आज त्या राजवाड्यात बेलोत्तोची चित्रे एका स्वतंत्र दालनात लावलेली आहेत. चित्र इमारतीत टांगलेले असते, हे आपण जाणतो. पण येथे इमारती चित्रातून बाहेर आल्या!

सत्याला धरून दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक म्हणजे, बेलोत्तोने काही ठिकाणी इमारतींत आपल्या पसंतीने सुधारणा केलेल्या आहेत, आणि त्या सुधारणाही काही ठिकाणी पुनर्बांधणीत उतरल्या. दुसरी अशी की, केवळ चित्रांनी हे काम झाले नाही. वॉर्साच्या तंत्रविद्यालयातील वास्तुशास्त्राच्या अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी पूर्वी जुन्या घरांची मोजमापे घेऊन आराखडे काढले होते. ते कागद युद्धात जिवावर उदार होऊन लपविले गेले. त्यांचाही मोठा आधार झाला. विद्यार्थ्यांच्या वह्यांनी शहर वाचविल्याचे असे उदाहरण आमच्या तरी ऐकण्यात दुसरे नाही.

आता आपल्या मुलखाकडे पाहू. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ मध्ये उभा राहिला आणि १८२८ च्या आगीत आतून जळून गेला. आज तटबंदी, दरवाजे व जोती उरली आहेत. आतील महाल कसे होते? त्याची थोडी कल्पना लंडनच्या टेट संग्रहालयातील एका तैलचित्रावरून येते. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९० नंतरच्या वर्षांत मुंबई-पुण्यास होता. त्याने सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबाराची रेखाटने करून ठेवली व १७९५ मध्ये तो येथेच वारला. त्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल याने इंग्लंडमध्ये १८०५ साली दरबाराचे मोठे तैलचित्र पुरे केले. वेल्सच्याच रेखाटनांवरून डॅनियलने वेरूळच्या लेण्यांची चित्रेही १८०३ मध्ये छापून प्रसिद्ध केली. वेल्सबरोबर काम करणारा पुण्याचा गंगाराम तांबट हाही वेरूळची चित्रे काढणारा कसबी कलावंत होता. म्हणजे हात आपल्याकडेही होते. कोल्हापुरात आबालाल रहिमान यांनी रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा हा परिसर निरनिराळ्या माध्यमांत रंगविला. १९३१ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या चित्रांतले कोटितीर्थ आणि आजचे कोटितीर्थ शेजारी ठेवून पाहिले म्हणजे आपण काय राखले व काय गमावले याचा हिशेब वेगळा मांडावा लागत नाही.

मात्र एक उणीव राहिली. आपल्याकडे तैलरंग आला तो मुख्यतः माणसांच्या तसबिरींसाठी. संस्थानिक, देणगीदार, अध्यक्ष, वडील यांची तैलचित्रे भिंतींवर लागली. त्यांत गैर काहीच नाही. परंतु ज्या घरात ती माणसे वाढली, ज्या विहिरीचे पाणी प्याली, ज्या पारावर बसली, त्यांच्याकडे कुंचला फारसा वळला नाही. गावाकडचे वाडे आज वाटण्यांत फुटत आहेत, कौले उतरून सिमेंटचे स्लॅब पडत आहेत. नव्या घरात राहण्याचा हक्क प्रत्येकास आहे; गळक्या छपराची हौस कोणास नसते. पण जुन्याचे रूप पुढच्या पिढीस कळावे एवढी तरतूद तरी आपण करतो काय?

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात छायाचित्र काढणारा फोन आहे. चित्रकाराची गरज कशास? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. छायाचित्रे अवश्य काढावीत, मोजमापेही घ्यावीत. वॉर्साच्या विद्यार्थ्यांनी तेच केले. परंतु फोनमधील हजार छायाचित्रे फोन बिघडताच जातात, आणि न बिघडला तरी त्या हजारांतून कोणी पाहत नाही. चित्रकार एकाच जागी पंधरा दिवस बसतो. सकाळचे ऊन कोणत्या खिडकीत येते, संध्याकाळी चिंचेची सावली कोठवर जाते, हे तो पाहतो, आणि हजारांतून एक क्षण निवडतो. ती निवड म्हणजेच आपण त्या वास्तूविषयी जे म्हणू इच्छितो ते. शिवाय भिंतीवर लावलेले चित्र येता-जाता सर्वांच्या दृष्टीस पडते व त्याखाली उभे राहून आजोबा नातवाला गोष्ट सांगू शकतात.

आता आपल्या बोर्डिंगकडे येतो. राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढण्यास उत्तेजन दिले, त्या लाटेचे पाणी पुढे गावोगाव पोहोचले. आपले बोर्डिंग त्याच प्रेरणेचे फळ. ती इमारत काही राजवाडा नव्हे. दगडी जोते, वर विटांच्या भिंती, मंगलोरी कौले, पुढे ओसरी, मागे स्वयंपाकाची पत्र्याची पडवी, विहीर आणि चिंच. पण ती देणगीदारांच्या रकमेइतकीच मुठी-मुठीने गोळा केलेल्या धान्यावर उभी राहिली, हे येथील वृद्धांस ठाऊक आहे. आज आपल्यात जे डॉक्टर, वकील, अंमलदार व शिक्षक आहेत, त्यांतील कित्येकांनी त्या ओसरीवर कंदिलाच्या किंवा एकाच दिव्याच्या उजेडात अभ्यास केला. इमारत आता धोक्याची झाली आहे. वासे कुजले आहेत. मुलांच्या जिवापेक्षा भिंत मोठी नाही. म्हणून ठरावास आमचा पाठिंबाच आहे. आमचे मागणे एवढेच की, पहिले कौल उतरविण्यापूर्वी त्या वास्तूचे एक मोठे तैलचित्र करवून घ्यावे.

या मागण्यावर दोन सूचना आमच्या कानी आल्या आहेत. एक अशी की, त्याऐवजी नव्या सभागृहासाठी माजी अध्यक्षांच्या तसबिरी कराव्यात. त्यांविषयी पूर्ण आदर ठेवून आम्ही म्हणतो की, तसबिरींत पाच-सात जण येतील. त्या इमारतीच्या चित्रात सारी ज्ञाती येईल. मुठीने धान्य देणाऱ्या माउलींची तसबीर कोठून आणणार? त्यांची तसबीर म्हणजे ती इमारतच. दुसरी सूचना अशी की, चित्र काढावयाचे तर पत्र्याची पडवी वगळून, भिंतींना नवा रंग दिल्यासारखी इमारत दाखवावी. येथे आम्हांस सॉल्झबरीचे बिशप आठवतात. ती पडवी वगळू नये. त्याच पडवीत बोर्डिंगच्या स्वयंपाकीणबाईंनी शेकडो मुलांना भाकरी घातली. धुराने काळी झालेली ती भिंत काळीच दाखवावी. विहिरीचा रहाट, वाळत घातलेले सदरे आणि चिंचही असावी. परिसरावाचून वास्तू म्हणजे गाववाचून माणूस.

काम आपल्याच समाजातील होतकरू चित्रकारास द्यावे, मात्र फुकट मागू नये. सुताराला मजुरी देतो आणि चित्रकाराला नारळ देतो, ही चाल सोडावी. कॅनव्हास चांगला, लाकडी चौकटीवर नीट ताणलेला असावा. चित्र वाळण्यास वेळ द्यावा. उद्‌घाटनाची तारीख गाठण्यासाठी ओल्यावर वार्निश चढवू नये. टांगताना पावसाची झड लागणारी ओली भिंत टाळावी, थेट ऊन पडू देऊ नये, समोर उदबत्ती लावू नये, ओला हार घालू नये व ओल्या फडक्याने पुसू नये. आपल्याकडील चित्रे जितकी काळाने खराब होतात, तितकीच भक्तीने होतात.

शेवटी पालकांस एक विनंती. आपल्या समाजात गणितात गुण मिळविणाऱ्या मुलास पारितोषिक आहे, ते असावेच. पण चित्र काढणाऱ्या मुलास अजूनही 'यात पोट भरते काय' असे ऐकावे लागते. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा शासनच घेते. त्यांना बसणाऱ्या मुलांचीही नोंद मंडळाने ठेवावी, आणि दरवर्षी 'आमच्या गावची एक जुनी वास्तू' या विषयावर चित्रे मागवून त्यांतील उत्तम चित्रास पारितोषिक द्यावे. पारितोषिकाची पहिल्या पाच वर्षांची रक्कम आमच्या निवृत्तिवेतनातून देण्याची आम्ही येथे कबुली देतो. अट एकच. चित्रातले घर खरे असावे. मुलाने ते समोर बसून काढलेले असावे. दोन डोंगरांमधला तो सूर्य आणि ती कोणाचीच नसलेली झोपडी आम्हांस नको. पत्र्यावर दगड ठेवलेले घर असले तरी चालेल, पण ते कोणाचे आहे हे मुलाला सांगता आले पाहिजे.

नवी इमारत अवश्य उंच व्हावी, तिच्यात उजेड व वारा खेळावा, तेथून आपली मुले दूरदेशी जावीत. पण आत शिरताना समोरच्या भिंतीवर आपले मूळ घर त्यांना दिसावे, एवढीच आमची इच्छा आहे. हा विषय कार्यकारी मंडळाच्या येत्या बैठकीत घेतला जाईल अशी आशा आम्ही बाळगतो.